हेल्मेटाबाहेरची वेणी

"बाईमाणूस असून गाडी काय झकास चालवता हो तुम्ही," असं आजही कोणी कौतुकाने म्हणालं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, कळतं मला. पण त्या 'असून'पायी माझं एक अख्खं वर्ष गेलंय, आणि ज्यांनी ते घालवलं त्यांना त्याचा पत्ताही नाही.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. मी डिप्लोमा करून नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तपासणी विभागात लागले होते. दिवसभर लोकांनी लेथवर कातलेले पार्ट मोजायचे आणि चुकलेले बाजूला काढायचे, हे काम. बाबा एकलहऱ्याला थर्मलमध्ये, म्हणजे वीजकेंद्रात. धाकटा भाऊ कॉलेजात, आणि आई घरी. नाशिकरोडला तीन खोल्यांचं घर, आणि घरासमोर बाबांनी जुनी घेतलेली पांढरी गाडी, आठशे सीसीची. बाबा तिच्यातून ड्युटीवर जायचे. रविवारी ती धुवायचं काम माझं, आणि धुता धुता मी तिच्या प्रेमात पडले, यात माझा काही दोष नाही.

त्या वर्षी शहराबाहेरच्या एका मैदानावर ऑटोक्रॉस होणार असल्याचं कारखान्यात कळलं. ऑटोक्रॉस म्हणजे फार मोठं काही नाही. मुरमाच्या मोकळ्या मैदानावर रिकामे ड्रम ठेवून वळणावळणाचा रस्ता आखतात, चुन्याच्या रेघा मारतात आणि एकेक गाडी एकटी सोडतात. घड्याळ लावलेलं असतं. सगळ्यात कमी वेळात येईल तो पहिला, ड्रम पाडला तर वेळ वाढवून धरतात. हौशी लोकांचा खेळ, रोजच्या वापरातल्या गाड्या घेऊन यायचं. एक खुला गट आणि एक महिलांचा गट. महिलांच्या गटात त्या वर्षी कोणीच नव्हतं. म्हणजे मी नुसती गाडी घेऊन तिथे उभी राहिले असते तरी कप माझाच. मी खुल्या गटात नाव दिलं. मला कप नको होता, मला माझी वेळ इतरांच्या वेळेशेजारी लिहिलेली बघायची होती.

घरात परवानगी मिळवणं ही वेगळीच शर्यत. बाबांनी दोन अटी घातल्या. इंजिनाला हात लावायचा नाही, आणि सोमवारी सकाळी गाडी जशी होती तशी दारात पाहिजे. आईने एकच अट घातली: कोणाला कळता कामा नये. इगतपुरीचं एक स्थळ चाललं होतं, रेल्वेतला मुलगा, आणि त्याचे मामा आमच्याच भागात राहायचे. मैदानावर लाउडस्पीकर असणार, निम्मं नाशिकरोड फुकटचा तमाशा बघायला जाणार, आणि त्यात आपली मुलगी धुरळा उडवत फिरणार, हे तिला झेपेना. मी तिला म्हटलं, "अगं, चोरी करायला चालले का मी?" ती म्हणाली, चोरी परवडली, ती निदान लपून करतात. मला हसू आलं, तिला नाही आलं.

शनिवारी दुपारी मी आणि भाऊ गाडीला भिडलो. वजन कमी करायचं होतं, म्हणून मागचं सीट काढलं, पुढचं डावं सीट काढलं, स्टेपनी, जॅक, पायपुसणी, मागच्या काचेपाशी ठेवलेली बाबांची छत्री, सगळं बाहेर. गॅलरीत पाय ठेवायला जागा राहिली नाही. एकेका भागाचे नट-बोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत वेगवेगळे ठेवले, म्हणजे परत लावताना घोटाळा नको. आई म्हणाली, उद्या पाहुणे आले तर त्यांना काय सांगू, गाडीचं पोट काढलंय म्हणून?

मुरमावर नेहमीचे टायर घसरतात. म्हणून झिजलेल्या टायरांवर रबर चढवणाऱ्या रिमोल्डवाल्याकडून जुने टायर आणून त्यांना हाताने खोल खाचा पाडून घेतल्या होत्या, आणि भंगारातून आणलेल्या चार लोखंडी रिमवर ते चढवले होते. पोटाखाली ऑइलचं भांडं असतं, त्याला दगड लागू नये म्हणून अंबडच्या भंगारवाल्याकडची एक पत्र्याची जाड प्लेट बसवली. पुढची चाकं किती कललीत ते बघायला आमच्याकडे यंत्र कुठलं, शेजारी बांधकाम चालू होतं तिथल्या गवंड्याचा ओळंबा मागून आणला आणि गाडीच्या दोन्ही बाजूंनी दोरा ताणून मोजलं. सस्पेन्शनचे बोल्ट सैल करून चाकं वरून आत कलतील तेवढी कलवली. सगळ्यात महत्त्वाचा हँडब्रेक. ड्रमला वळसा घालताना मागची चाकं क्षणभर धरली तर गाडी जागच्या जागी फिरते. घरच्या गाडीचा हँडब्रेक एवढा सैल असतो की तो ओढला काय, न ओढला काय. मी केबलचा नट आवळून आवळून तो असा केला की नुसतं बोट लावलं तरी धरावा.

सराव आम्ही त्याआधीच अंबडच्या रिकाम्या प्लॉटांवर केला होता, सुट्टीच्या दिवशी तिथे चिटपाखरू नसतं. ड्रमच्या जागी भाजीवाल्या शेजाऱ्यांचे टोमॅटोचे क्रेट. पहिल्या दिवशी मी एवढे क्रेट चेपले की भावाने त्यांचा मोबदला म्हणून शेजाऱ्यांचा भाजीपाला आठवडाभर सायकलवरून मार्केटला नेऊन टाकला. तो गाडी चालवत नव्हता. त्याचं लायसन्स अजून व्हायचं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याला पहिल्या वळणालाच मळमळायचं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रविवारी बाबांची ड्युटी होती, ते बसने गेले. मी, भाऊ आणि आई असे तिघं मैदानावर गेलो. आई आली ती डबा घेऊन, आणि खरं तर माझ्यावर नजर ठेवायला. बाबांचा कामावरचा जुना, अंगभर बॉयलर सूट मी घातला होता, तसाच दुसरा भावाने. माझी वेणी तेव्हा कमरेखाली होती. पाण्याच्या टँकरच्या आडोशाला उभं करून आईने तिचा अंबाडा घातला, त्यावर रुमाल करकचून बांधला आणि वर हेल्मेट दाबून बसवलं. एक केस बाहेर दिसेना. म्हणाली, "आता इथूनच गाडीत बस आणि इथेच येऊन उतर. तिकडे लोकांत नको." मला घाम फुटला होता, घाईही होती, मी ऐकलं. नंबर आणि आडनाव, एवढंच लाउडस्पीकरवरून पुकारलं.

आता त्या फेरीबद्दल मी काय सांगू. मुरूम नुकताच भिजवलेला, चाकांना पकड होती. पहिल्या ड्रमला हँडब्रेकला बोट लावलं आणि गाडीने मागचं अंग असं फिरवलं की मला आत एकटीला हसू फुटलं. एकही ड्रम पडला नाही. शेवटच्या सरळ पट्ट्यात मी ॲक्सिलरेटरवरचा पाय उचललाच नाही. टँकरमागे येऊन थांबले तेव्हा लाउडस्पीकरवर आमचं आडनाव आणि "आतापर्यंतची सर्वोत्तम वेळ" हे शब्द ऐकू आले. भाऊ नाचत आला. त्यानंतर राहिलेल्या गाड्या सुटल्या, एकही माझ्या वेळेच्या खाली आली नाही.

दुसरा आला होता कॉलेज रोडचा एक मुलगा. मुंबईहून आणलेली चाकं, मुंबईहून आणलेले शॉकॲब्सॉर्बर, आणि मुंबईहूनच आणलेला गर्व. त्याने तक्रार केली की नाशिकरोडच्या खटारा गाडीला एवढी कमी वेळ येणं शक्य नाही, इंजिनात काहीतरी केलंय. समितीची माणसं आली. मुख्य पंच गळ्यात शिट्टी घातलेले, वजनदार गृहस्थ. बॉनेट उघडलं, कार्बोरेटर बघितला, एअर फिल्टर बघितला, प्लग काढून बघितले. बाबांची अट आम्ही पाळली होती, इंजिन जसंच्या तसं. काही सापडेना. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हेल्मेट काढून हातात धरलं होतं आणि अंबाडा अर्धा सुटून खांद्यावर आला होता. कॉलेज रोडवाला हसला आणि म्हणाला, आता कळलं.

काय कळलं त्याला? त्याला कळलं ते असं, की भावाकडे लायसन्स नाही, ते भावानेच मघाशी गप्पांत सांगितलं होतं, म्हणून नाव बहिणीचं घातलं आणि गाडी भावाने चालवली. दोघांचे बॉयलर सूट सारखे, हेल्मेट घातलेलं, टँकरच्या आड बसणं-उतरणं. आधी गाडीवर शंका, गाडी खरी निघाली तर माझ्यावर! म्हणजे हलक्या गाडीने जोरात धावावं हे एक वेळ चाललं असतं, पण ती मी पळवावी हे कुणाच्या डोक्यातच शिरेना. मी म्हटलं, गाडी मी चालवली. भाऊ म्हणाला, अहो, मला मळमळतं. लोक हसले. मी म्हटलं, परत सोडा मला, आत्ता, तुमच्या डोळ्यांसमोर, सगळ्यांच्या देखत बसते. पंच म्हणाले, वेळ संपली, मैदान मोकळं करायचंय. एवढ्याशा फेरीला किती वेळ लागतो हो? बॉनेटमध्ये डोकं घालायला त्यांना भरपूर वेळ होता.

मग पंचांना आई दिसली. डबा छातीशी धरून ती गर्दीच्या कडेला उभी होती. ते अगदी आदराने तिच्यापाशी गेले. म्हणाले, "आई, तुम्ही मोठ्या आहात. तुम्हीच सांगा, गाडी कोण चालवत होतं?"

मला हायसं वाटलं. माझी वेणी तिने स्वतःच्या हाताने हेल्मेटात कोंबली होती, तिच्याहून मोठा साक्षीदार कुठला आणायचा? आईने पंचांकडे बघितलं, मग त्यांच्या खांद्यावरून पलीकडे. मीही वळून बघितलं. चार पावलांवर इगतपुरीच्या मुलाचे मामा शेंगदाणे खात उभे होते आणि कान देऊन ऐकत होते.

आई म्हणाली, "मुलगा."

तिला वाटलं असेल, एवढंसं खोटं, कोणाचं काय बिघडलं. मुलगा काय नि मुलगी काय, घर तर एकच. लायसन्सचं तिला कळलंच नव्हतं. आपण पोरांना चारचौघांत लबाड ठरवतोय हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. मी ओरडले की ती घाबरून बोलतेय, मामांकडे बघून बोलतेय. पंचांनी मान हलवली आणि मला समजावलं, "ताई, आई कधी खोटं बोलेल का?" या एका वाक्यासाठी मी त्या माणसाला अजून माफ केलेलं नाही. आईवर एवढा विश्वास आणि माझ्यावर दमडीचा नाही, आणि वर मलाच समजावणं! भाऊ परत बोलायला गेला तर त्याला म्हणाले, तू गप्प बस, लायसन्स नाही तुझ्याकडे, पोलिसांत द्यायला पाहिजे तुला.

लाउडस्पीकरवरून आमचं आडनाव दुसऱ्यांदा पुकारलं गेलं. फसवणूक केल्याबद्दल बाद. मग पंच मोठ्या मनाने म्हणाले की ताईंनी नाराज होऊ नये, महिलांच्या गटाचा कप तसाच पडून आहे, तो घेऊन जावा. म्हणजे खुल्या गटात मी गाडी चालवलीच नाही, आणि महिलांच्या गटात न चालवता पहिली! हे कुठलं गणित? मी कप घेतला नाही. कप द्यायला बोलावलेल्या प्रमुख पाहुण्यांचा हात तसाच पुढे राहिला, आणि राहिला ते बरं झालं.

घरी येताना आई मागे बसली, म्हणजे सीट नव्हतंच, चटईवर बसली, खिडकीची कड धरून. घरी आल्यावर मी हात धुतले नाहीत की जेवले नाही, सरळ गाडीखाली शिरले. बोल्ट आवळताना पान्ह्यावर एवढा जोर येत होता की भाऊ म्हणाला, ताई, आटे जातील. चाकं बदलली, प्लेट काढली, श्रीखंडाचे डबे एकेक रिकामे झाले, बाबांची छत्री जागेवर गेली. फक्त हँडब्रेक राहिला. तिथवर येईपर्यंत माझ्यात त्राण उरलं नव्हतं, तेवढ्यात बाबा ड्युटीवरून आले. भावाने त्यांना सगळं सांगितलं. बाबांनी ऐकलं, गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर हात ठेवला आणि आत गेले. आईशी ते काय बोलले मला ठाऊक नाही. स्वयंपाकघरातून नुसता भांड्यांचा आवाज येत होता.

सोमवारी संध्याकाळी ड्युटीवरून आल्यावर बाबा म्हणाले, उड्डाणपुलाच्या चढावर हँडब्रेक फारच घट्ट लागतो, गाडी सुटता सुटत नाही. मी म्हटलं, लगेच सैल करते. त्यावर त्यांनी चप्पल काढता काढता सांगितलं, "राहू दे तसाच. पुढच्या वर्षी परत लागेल." त्या प्रकरणावर बाबा बोललेलं एवढं एकच वाक्य. वर्षभर त्यांनी त्या चढावर गाडी झटके देत देत काढली.

आणि स्थळाचं काय झालं? ते मोडलंच. मामांकडून निरोप आला, मुलगी गाडी चालवत असती तर आमची हरकत नव्हती, आजकाल चालवतातच मुली, पण घर फसवणूक करणारं नको. भाऊ खो खो हसत सुटला. मला हसावं की डोकं आपटावं कळेना. आईने निरोप ऐकला, ताटातला भात तसाच ठेवला आणि उठून गॅलरीत जाऊन उभी राहिली.

मी तिच्याशी भांडले नाही. भांडायला पाहिजे होतं. तिने रोज सकाळी माझी वेणी घालायची आणि मी आरशात तिच्याकडे न बघता बसायचं, असं ते वर्ष गेलं. एकदा वेणी घालता घालता ती म्हणाली की मला वाटलं तुझं भलं होईल. मी म्हटलं, झालं ना. माझा आवाज कडूच होता, आणि तो कडू असायलाच हवा होता असं मला आजही वाटतं. परक्यांनी नाही म्हटलं तर माणूस शिव्या घालून मोकळा होतो. आईने नाही म्हटलं तर शिवी कोणाला घालायची?

पुढच्या वर्षी तेच मैदान, तेच पंच, गळ्यात तीच शिट्टी. गॅलरीत परत सीटं आणि श्रीखंडाचे डबे आले. आईने पाहुण्यांचं नावही काढलं नाही. उलट ओळंब्याचा दोरा हलत होता तर तिने तो स्वतः धरला. मी परत खुल्या गटात नाव दिलं. या वेळी बाबांनी ड्युटी बदलून घेतली होती.

मैदानावर मी टँकरकडे निघाले, तर आई म्हणाली, "तिकडे कुठे?" आणि मला सुरुवातीच्या रेघेजवळ, अगदी लोकांच्या समोर, गाडीच्या बॉनेटपाशी उभं केलं. पिशवीतून कंगवा काढला. माझी वेणी सोडली आणि पहिल्यापासून परत घातली, घट्ट, खाली लाल रिबीन बांधून, जशी शाळेत असताना घालायची. लोक बघत होते. कॉलेज रोडवालाही बघत होता. मग तिने माझ्या डोक्यावर हेल्मेट बसवलं आणि वेणी खालून पूर्ण बाहेर काढली.

तेवढं करून ती गेली पंचांच्या टेबलाशी. मी मागोमाग गेले, मला वाटलं काहीतरी भलतंच होणार. त्यांनी तिला ओळखलं नाही. तिला ओळख सांगावी लागली, आडनाव सांगावं लागलं. मग ती म्हणाली, "मागच्या वर्षी तुम्ही मला विचारलं होतं, गाडी कोण चालवत होतं. मी खोटं बोलले. ही चालवत होती, माझी मुलगी. ज्या लाउडस्पीकरवर आम्हाला लबाड म्हणालात, त्याच्यावरच आता हे सांगा."

पंच हसले. वाईट हसले नाहीत, थकलेल्या माणसासारखं हसले. समोर यादी, पाण्याची बाटली, रांगेत उभ्या गाड्या. म्हणाले, "जाऊ द्या हो आई. मागच्या वर्षीचं आता कोणाच्या लक्षात आहे?"

माझ्या एका वर्षाची एवढीच किंमत. त्यांच्या लक्षातही नव्हतं! मी काहीतरी जहाल बोलणार होते, हेल्मेटाच्या आत शब्द तयार होते. पण आई आधी बोलली.

"माझ्या आहे," ती म्हणाली.

पंचांनी काही सांगितलं नाही, ना त्या दिवशी, ना कधी. आमचा नंबर पुकारला तेव्हा लाउडस्पीकरवर परत नुसतं आडनाव आलं. मी गाडीत बसले. आईने वाकून माझी वेणी उजव्या खांद्यावरून पुढे घेतली, काचेतून दिसेल अशी, आणि दार लावलं. रेघेवरून ती हलली नाही. धुरळा तिच्या अंगावर येणार होता, तो आला, तरी ती तिथेच उभी राहिली.